मुलाच्या मानेत, डोळ्यामागे किंवा नाकात गाठ निघाली तर: कुठला स्कॅन कधी आणि कशासाठी

मी रेडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांचे स्कॅन वाचणं हेच माझं रोजचं काम. गाठ कॅन्सरची असू शकते असं कुणी बोललं की आईबाबा जवळजवळ हमखास एकच विचारतात, डॉक्टर सगळे स्कॅन एकदमच करून टाकू का, म्हणजे काय ते एकदाचं कळेल. त्यांची घाई मला कळते, रात्र रात्र झोप नसते त्या दिवसांत. पण प्रत्येक स्कॅन एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो, आणि क्रम चुकला तर काही उत्तरं नंतर मिळतच नाहीत. म्हणून इथे क्रमानेच लिहिते, आणि प्रत्येक पायरीला डॉक्टरांना काय विचारायचं तेही सांगते.

एक प्रसंग आधी सांगते कारण तो डोक्यातून जात नाही. एका मुलाच्या गालाखाली टणक गाठ होती, लिम्फ नोड (इन्फेक्शनमध्ये सुजते ती रसग्रंथी) असेल म्हणून साधं छोटं ऑपरेशन करून ती काढली, आधी सोनोग्राफी नाही की एमआरआय नाही. लॅबचा रिपोर्ट आला रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे मऊ भागांचा एक कॅन्सर. मग ते मूल आमच्याकडे एमआरआयला आलं, आणि माझ्यासमोर होती फक्त ऑपरेशनची सूज, थोडं साचलेलं रक्त आणि टाके. गाठ किती मोठी होती, जबड्याच्या हाडाला चिकटली होती का, आत खोलवर गेली होती का, यातलं काहीच मला सांगता येईना. रेडिएशन नेमकं कुठे द्यायचं हे ठरवायला त्या डॉक्टरांना पहिलं चित्र हवं असतं आणि ते चित्र कायमचं गेलेलं. त्यामुळे या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: गाठीला सुई किंवा सुरी लागण्याआधी तिचा नीट एमआरआय व्हायला हवा.

आधी आजाराबद्दल थोडं

मुलांच्या मानेतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. इन्फेक्शनने सुजलेले लिम्फ नोड, जन्मापासूनच्या पाण्याच्या गाठी, रक्तवाहिन्यांच्या गाठी, हेच जास्त. पण स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांचा कॅन्सर निघालाच तर मुलांमध्ये तो सगळ्यात जास्त वेळा रॅब्डोमायोसार्कोमा असतो, आणि त्यातल्या साधारण ३५ ते ४० टक्के गाठी डोकं-मान या भागात असतात. डॉक्टर त्याचे जागेनुसार तीन गट करतात. डोळ्याच्या खोबणीतला एक. दुसरा पॅरामेनिंजियल, म्हणजे मेंदूच्या आवरणाला लागून असलेल्या जागा: नाकाची पोकळी, नाकामागचा घसा, सायनस, मधला कान, जबड्यामागची खोल जागा. आणि तिसरा म्हणजे बाकी सगळं, गाल, ओठ, टाळू, मान वगैरे. खोबणीतल्या गाठीचे निकाल सहसा चांगले असतात, पॅरामेनिंजियलमध्ये उपचार जास्त कडक लागतात. हा गट ठरवतो स्कॅन, म्हणून पहिल्या स्कॅनवर एवढं अवलंबून असतं.

कधी थांबायचं नाही ते सांगते. डोळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुढे यायला लागला. एकाच नाकपुडीतून रक्त आणि तीच बंद. एकाच कानातून वाहणं, औषधांनी बरं न होणारं, आणि कानात लालसर मांसाचा गोळा. चेहऱ्याची एक बाजू लुळी, नवीन तिरळेपणा, आवाज किंवा गिळणं बदललेलं. मानेत वाढत जाणारी टणक गाठ, विशेषतः कॉलर बोनच्या वरची. आणि नजर अचानक कमी झाली किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

पहिली पायरी: सोनोग्राफी

हाताला लागणारी गाठ असेल तर सुरुवात इथूनच. रेडिएशन नाही, भूल नाही, मूल आईच्या मांडीवर बसूनही होते. प्रश्न अगदी साधे: गाठ पाण्याची की भरीव, लिम्फ नोड आहे की दुसरं काही, आणि डॉप्लरवर, म्हणजे रक्त वाहताना दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, रक्तप्रवाह कसा आहे. चांगल्या लिम्फ नोडचा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा लांबट असतो आणि मध्ये चरबीची पांढरी रेघ दिसते. तो गोल झाला, रेघ गेली, आतला भाग सडल्यासारखा दिसायला लागला, की काळजी. नुसत्या साइजवर घाबरू नका, मुलांच्या मानेत एक-दीड सेंटिमीटरचे नोड सर्दीखोकल्यातही सापडतात.

सोनोग्राफीची मर्यादा पण माहीत हवी. हाडाच्या आड आणि हवेच्या पलीकडे तिला दिसत नाही, म्हणजे नाकामागचा घसा, सायनस, मधला कान हे सगळं तिच्या नजरेबाहेर. त्यामुळे नाकातून रक्त येतंय आणि मानेची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सुटलो, असं होत नाही.

दुसरी पायरी: एमआरआय, बायोप्सीच्या आधी

हा सगळ्यात महत्त्वाचा स्कॅन. रेडिएशन नसतं, आणि मऊ भाग एकमेकांपासून वेगळे दाखवण्यात याला तोड नाही. पण एमआरआय केला एवढं पुरत नाही, कसा केला ते बघावं लागतं. नुसता ब्रेनचा एमआरआय लिहून दिला तर जाड जाड स्लाइस येतात आणि मानेचा भाग निघतच नाही. या आजारात गाठीच्या जागेचे साधारण ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस हवेत, आडवे, उभे, बाजूचे असे वेगवेगळ्या दिशांनी, आणि कवटीच्या तळापासून कॉलर बोनपर्यंतची मान दिसायला हवी कारण नोड तिथेच असतात. टी-१, टी-२ आणि डिफ्यूजन ही एमआरआयची वेगवेगळ्या पद्धतीने काढलेली चित्रं, आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध. कॉन्ट्रास्टच्या आधीचा टी-१, चरबीचा उजेड दाबलेला टी-२, डिफ्यूजन, आणि कॉन्ट्रास्टनंतर चरबी दाबलेला टी-१, एवढं असलं की मला काम करता येतं.

चरबी का दाबायची ते सांगते. डोळ्याच्या खोबणीत भोवती सगळी चरबीच असते आणि टी-१ मध्ये चरबी पांढरीशुभ्र दिसते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठही पांढरी होते. पांढऱ्यात पांढरं, कडा कुठे शोधणार? चरबी काळी केली की गाठ एकटी उजळून उठते, आणि ती नजरेच्या नसेला टेकली आहे की अजून मध्ये फट आहे हे दिसतं.

नाक-सायनसमध्ये दुसरी गंमत असते. गाठीने सायनसचं तोंड बंद केलं की मागे शेंबूड साचतो, आणि सीटीवर दोन्ही मिळून एकच मोठा राखाडी गोळा दिसतो, सगळा कॅन्सरच आहे की काय असं वाटतं. एमआरआयच्या टी-२ वर साचलेलं पाणी सहसा चकचकीत पांढरं असतं आणि गाठ मध्यम राखाडी, आणि कॉन्ट्रास्टनंतर पाण्याच्या फक्त कडेचं अस्तर उजळतं तर गाठ आतपर्यंत भरीव उजळते. अर्धा सायनस असा गाठीतून वगळता आला की रेडिएशनचा भाग तेवढा लहान होतो, बाजूचा डोळा आणि दातांचे अंकुर वाचवायला जागा मिळते.

पॅरामेनिंजियल गाठीत मी सगळ्यात जास्त वेळ कवटीच्या तळाशी घालवते. हाड खाल्लं गेलंय का, नसा बाहेर पडतात त्या भोकांमधून गाठ वर चढलीये का, मेंदूचं आवरण नुसतं रेषेसारखं उजळलंय की त्यावर गाठी गाठी आहेत, मेंदूच्या बाजूला आत किती आली. एक सावधगिरी: लहान वयात कवटीच्या हाडातला मगज लाल असतो, चरबीचा नसतो, त्यामुळे टी-१ वर ते हाड मुळातच काळपट दिसतं. मोठ्यांचे स्कॅन वाचायची सवय असलेला माणूस त्याला कॅन्सर पसरलाय असं म्हणून जाऊ शकतो. म्हणूनच शक्य असेल तर रिपोर्ट लहान मुलांचं रेडिओलॉजी करणाऱ्याकडून घ्या, किंवा दुसरं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

कॉन्ट्रास्टचं बोलायचं तर तो गॅडोलिनियमचा असतो. किडनी खूप कमजोर असेल तर आधी सांगा. वारंवार दिल्यावर गॅडोलिनियमचे अगदी सूक्ष्म अंश मेंदूत राहतात असं दिसलंय, त्यातून मुलांना काही त्रास होतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये लिनिअर प्रकारच्या बऱ्याच कॉन्ट्रास्टचा वापर थांबवला किंवा मर्यादित केला. या मुलांना पुढे अनेक एमआरआय लागणार असतात, तेव्हा गॅडोलिनियम जास्त घट्ट धरून ठेवणारा दुसरा, मॅक्रोसायक्लिक प्रकारचाच देताय ना, हे बिनधास्त विचारा.

भूल, उपवास आणि मशीनची तयारी

असा एमआरआय साधारण ४५ मिनिटं ते तासभर चालतो आणि मूल हललं की सगळं फुकट. अगदी तान्ह्या बाळांना पोट भरून पाजून, घट्ट गुंडाळून झोपेतच स्कॅन करता येतो. पाच-सहा वर्षांच्या पुढची बरीच मुलं तयारी केली तर भुलीशिवाय राहतात. घरी मशीनच्या ठोक्यांचे आवाज ऐकवा, टेबलाखाली पुतळा-पुतळा खेळा, कानात प्लग घालायची सवय करा. मुलाशी खोटं बोलू नका, दुखणार नाही असं सांगून मग सुई टोचली की पुढच्या प्रत्येक वेळी ते मूल दारातच रडायला लागतं, आणि पुढच्या वेळा खूप असतात.

मधल्या वयात भूल लागतेच. उपवासाचा नेहमीचा हिशोब म्हणजे जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास, काही ठिकाणी पाणी १ तासापर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ तीच खरी, आणि गरजेपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका. मूल रात्री जोरात घोरायला लागलंय, उताणं झोपत नाही, तोंडानेच श्वास घेतंय, हे भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. घशातली गाठ भुलीत श्वासाची वाट अडवू शकते आणि हे फॉर्मवर कुणी विचारेलच असं नाही.

धातूचं सगळं बाहेर. दातांच्या स्टीलच्या तारा असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टकडून काढून घ्या, नाहीतर तोंड-जबड्याच्या जागी चित्रात मोठं काळं भोक पडतं आणि गाठ नेमकी तिथेच असायची. कानातलं इम्प्लांट किंवा डोक्यातला शंट असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

तिसरी पायरी: सीटी, मोजूनमापून

सीटी दोन कामांसाठी. कवटीच्या तळाचं किंवा कानाचं पातळ हाड खाल्लंय का ते, आणि छातीचा सीटी, कारण हा आजार पसरला तर फुफ्फुसात जाऊ शकतो. रेडिएशन असतं म्हणून मुलाच्या वजनाप्रमाणे डोस कमी केलेला हवा आणि एकदाच फिरवलेला हवा, कॉन्ट्रास्टच्या आधी एक आणि नंतर एक असं दोनदा मुलांमध्ये सहसा लागत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये इमेज जेंटली नावाची मोहीम सुरू झाली ती याच मुद्द्यावर, मुलांचा डोस मुलांच्या मापाचा. पण रेडिएशनच्या भीतीने गरजेचा छातीचा सीटी टाळू नका, तो टाळून स्टेज चुकली तर नुकसान कितीतरी मोठं.

छातीचा सीटी शक्यतो जागेपणी करा, काही सेकंदांचं काम असतं. भूल दिल्यावर मुलांच्या फुफ्फुसाचा मागचा भाग थोडा मिटतो आणि त्या मिटलेल्या भागात बारीक गाठी लपतात, किंवा नसलेल्या भासतात. भुलीतच करायचा असेल तर सगळ्यात आधी करून घ्या आणि भूलतज्ज्ञांना फुफ्फुस फुगवून धरायला सांगा.

बायोप्सी आणि मणक्याचं पाणी

एमआरआय झाला, आता बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. बऱ्याचदा सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत जाड सुईने तुकडे घेतात, आणि एमआरआयवर कुठला भाग जिवंत आणि कुठला मेलेला ते आधी दिसलेलं असल्यामुळे सुई योग्य जागी जाते. एक अपवाद जपा: वयात येणाऱ्या मुलाच्या नाकातून भरपूर रक्त येत असेल तर ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ, अँजिओफायब्रोमा, असू शकते आणि तिला ओपीडीत चिमटा लावला तर रक्त थांबवणं कठीण होतं. तिथेही उत्तर तेच, आधी स्कॅन.

पॅरामेनिंजियल गाठीत कंबरेतून मणक्याचं पाणी काढून तपासतात. हे सुद्धा डोक्याच्या एमआरआयनंतरच करा, आणि मणक्याचा एमआरआय ठरला असेल तर त्याच्याही नंतर. पाणी काढल्यावर मेंदूचं आवरण काही काळ आपोआप उजळू शकतं आणि मग मला ठरवता येत नाही की हे सुईमुळे की आजारामुळे. टीमला विचारून एमआरआय, बायोप्सी, पाणी, बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) आणि सेंट्रल लाइन (औषधांसाठी मोठ्या शिरेत बसवायची नळी) हे जमेल तितकं एकाच भुलीत बसवा. नीट आखणी केली तर हे होतं, पण आग्रह धरावा लागतो.

पेट-सीटी

याचा प्रश्न: शरीरात अजून कुठे? नोड, हाडं, मॅरो. साखरेसारखं औषध शिरेतून देतात, त्याचं रेडिएशन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, आणि साधारण तासभर थांबून स्कॅन करतात. त्या तासात मुलाला उबेत आणि शांत ठेवा, बडबड नको, च्युइंगगम नको, नाहीतर मानेचे आणि जबड्याचे स्नायू चमकतात. थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी चमकते. मुलांचे टॉन्सिल, अॅडेनॉइड आणि छातीतली थायमस ग्रंथी तर एरवीही चमकतात, आणि पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर सगळी हाडं उजळतात, म्हणून त्या इंजेक्शनची तारीख नक्की सांगा.

पेट केलं म्हणजे एमआरआय नको, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मेंदू स्वतःच साखर खाऊन एवढा चमकतो की कवटीच्या तळातून आत शिरलेला छोटा आजार त्या उजेडात दिसत नाही.

रिपोर्ट हातात आला की

गाठीची मापं तिन्ही दिशांनी दिलेली आहेत का ते आधी बघा. ५ सेंटिमीटर ही स्टेज ठरवायची एक रेषा आहे. मग जागा, तीन गटांपैकी कुठला. हाड, मेंदूचं आवरण, नसा, डोळा, प्रत्येकाबद्दल आहे किंवा नाही असं स्पष्ट लिहिलंय का. मानेच्या दोन्ही बाजूंचे आणि घशामागचे नोड. डिफ्यूजनमध्ये एडीसी (पाणी पेशींमध्ये किती मोकळं फिरतं त्याचा आकडा) कमी असं लिहिलं असेल तर तेवढ्यावर रडत बसू नका, कॅन्सरमध्ये तो बहुतेक कमी असतो खरा पण पस आणि साधा लिम्फ नोड यांच्यातही कमी असतो. यातलं काही राहिलं असेल तर रेडिओलॉजिस्टला फोन करून पुरवणी रिपोर्ट मागता येतो. स्कॅन उपचार सुरू होण्याच्या ४ आठवड्यांपेक्षा जुना झाला असेल तर बहुधा परत लागतो, ही गाठ भराभर वाढते.

किमो सुरू झाल्यावर

साधारण ३ सायकलनंतर, म्हणजे ९ ते १२ आठवड्यांच्या आसपास, परत एमआरआय. जमलं तर त्याच मशीनवर आणि त्याच पद्धतीने, म्हणजे तुलना खरी होते. इथे आईबाबांची निराशा बघितली आहे म्हणून आकडे मांडते. गाठ आधी ४ बाय ३ बाय ३ सेंटिमीटर, तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की आकारमान साधारण १८.७ मिलिलिटर. नंतर ती झाली २.८ बाय २ बाय २. रिपोर्टमध्ये वाचलं की ४ ची २.८ झाली, फक्त ३० टक्के, आणि घरात सुतक. पण आकारमान काढा: ५.८ मिलिलिटर. गाठ एक तृतीयांशाहून कमी उरली आहे!

उपचार संपल्यावरही काहीतरी शिल्लक दिसू शकतं, डोळ्याच्या खोबणीत तर बऱ्याचदा. ते जिवंत कॅन्सर असेलच असं नाही, वण किंवा बदललेला स्नायूही असतो. रेडिएशननंतर लगेच पेट केलं तर सूज चमकते, त्यामुळे साधारण ३ महिने थांबून करतात, आणि त्या मधल्या काळात एमआरआय ठरावीक अंतराने बघत राहतात.

पुढे पहिली दोन-तीन वर्षं स्कॅन जवळजवळ असतात, साधारण ३-४ महिन्यांनी, कारण आजार परतला तर बहुतेक पहिल्या ३ वर्षांतच. नंतर अंतर वाढतं. प्रत्येक स्कॅनची छापील फिल्म नको, मूळ डायकॉम (म्हणजे मशीनमधली डिजिटल) फाइल घ्या, पेन ड्राइव्हवर दोन ठिकाणी ठेवा आणि नावात तारीख टाका. सगळ्यात पहिला एमआरआय, बायोप्सीच्या आधीचा, तो वेगळ्या फोल्डरमध्ये. हॉस्पिटल बदललं तरी नवीन रेडिओलॉजिस्ट सर्वात आधी तोच मागेल.